खिळ्यावरची जांभळी साडी

ती जांभळी साडी निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जरीच्या काठाची, बाजारात कुठेही मिळेल अशी. तिच्यामुळे एक पोर परत मिळाली, म्हणून तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे. नावं मात्र कुणाचीच देणार नाही. पोलिसाला नावं विचारायची सवय असते, सांगायची नसते.

२०१६ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी तेव्हा तलासरीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई दारात येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तर बसेना. मुठीत घट्ट धरलेला पासपोर्ट आकाराचा फोटो तिने माझ्या टेबलावर ठेवला. फोटोत जांभळी साडी नेसलेली, टिकली आणि मंगळसूत्र घातलेली एक कोवळी मुलगी होती.

"पोर माझीच हाय सायेब," ती म्हणाली. "पण साडी आमची नाय. आमच्या पाड्यात कोणाचीच नाय. आणि लगीन तर तिचा झालाच नाय."

मुलगी नववीत, आश्रमशाळेत. सुट्टीत घरी आली होती. मावशीकडे जाते सांगून आदल्या दिवशी निघाली, ती मावशीकडे पोचलीच नाही. हा फोटो तिच्या पत्र्याच्या पेटीत सापडला. मैत्रिणीला खोदून विचारल्यावर कळलं, की ती दूर दक्षिणेत कोलंबी सोलायच्या कामाला चालली होती आणि तेही विमानाने.

पाड्यावर लोक हसले होते म्हणे. आमच्या भागातले मजूर कामाला जातात ते जीपने, ट्रकने, फार तर रेल्वेने. मजुराला विमानाने नेणारा दानशूर मालक मीही उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. पण मला हसू आलं नाही. रेल्वेच्या फलाटावर एकटीदुकटी मुलगी दिसली तर दहा जण चौकशी करतात. विमानतळावर तिकीट आणि ओळखीचं कार्ड जुळलं की पुढे जा. ही वाट शोधणारा कोणी डोकेबाज होता.

मुलगी अल्पवयीन, म्हणून हरवल्याची नोंद करून वाट पाहत बसण्याचा प्रश्नच नव्हता. अपहरणाचा गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि मुंबईच्या विमानतळावर फोन लावला. मुलीचं नाव कळवलं. थोड्या वेळाने उत्तर आलं, या नावाचा प्रवासी काल किंवा आज कुठल्याच विमानात नाही.

हे अपेक्षितच होतं. देशातल्या देशात उडायला पासपोर्ट लागत नाही, पण सरकारी फोटो ओळखपत्र लागतं आणि त्यावरचं नाव तिकिटाशी जुळावं लागतं. फोटोत तिला लग्न झालेली, मोठी दाखवली होती. म्हणजे नावही दुसऱ्या कुणाचं तरी असणार. फोटो पाठवून दिला, पण त्या गर्दीत एका एवढ्याशा फोटोवरून चेहरा शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. नाव हवं होतं, आणि विमान सुटायच्या आत हवं होतं.

आमचे हवालदार फोटो उलटसुलट करत होते. एकदम म्हणाले, "सर, ही साडी मी ओळखतो."

"तुम्ही साड्या कधीपासून ओळखायला लागलात?"

"माझ्या पुतणीचा स्थळाला दाखवायचा फोटो याच साडीतला आहे. डहाणूच्या स्टुडिओतला. तिच्या मैत्रिणीचाही याच साडीत. अर्ध्या तालुक्याची लग्नं या साडीने जमवलीत, सर!"

जीप थेट डहाणूला काढली. स्टुडिओत गेलो तर पडद्याजवळ खिळ्यावर साडी लटकलेली. तयार निऱ्या, मागे नाडी. शेजारी एक कोट, एक टाय आणि काळ्या मण्यांचं खोटं मंगळसूत्र. ज्याच्याकडे फोटोपुरते बरे कपडे नसतील, त्याने तिथे घालायचे आणि परत खिळ्याला लावायचे. कितीतरी वर्षांची रीत. मालक वयस्कर गुजराती गृहस्थ होते. फोटो पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, मी तर समजलो, लगनासाठी हशे. पण मंगळसूत्र मागितलं तेव्हा मी विचारायला पायजे होतं. स्थळाच्या फोटोत मंगळसूत्र कोण घालते?"

कोणी आणलं, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. बोर्डीच्या चिकूच्या बागांना तोडणीसाठी बाया पुरवणारी एक मुकादमीण होती. तिला सगळे ओळखत होते.

बाईची चौकशी तिच्या घरीच करायची आणि महिला पोलीस बरोबर असायलाच हवी, हा नियम. काही अधिकाऱ्यांना तो जाचक वाटतो. त्या दिवशी त्याच नियमाने आम्हाला तारलं, म्हणून मी त्याला हात जोडतो.

मुकादमीण ओट्यावर पाय पसरून बसली होती. आम्हाला पाहूनही पाय आवरले नाहीत. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू, आवाज असा की बागेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा.

"कामाला पाठवली, खोटं कशाला बोलू? तिच्या मर्जीनं गेली. विमानानं गेली. अहो साहेब, तिथं फोटोचं कार्ड बघतात, मग आत सोडतात. सरकारनंच तपासून सोडल्यावर काय बिघडलं?"

"कार्ड कुणाचं?"

"तिचंच."

"तिच्या नावाने तिकीट नाही."

"मग मला काय ठाऊक? शिकलेली माणसं तुम्ही."

मी आवाज चढवला. तिने माझ्यापेक्षा चढवला. मी गोडीने घेतलं, तर तिने मला चहा विचारला. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. गुन्हा केला असं त्यांना मनापासून वाटतच नसतं, त्यामुळे डगमगत नाहीत. ओटा उन्हात तापत होता आणि मला सारखी माझ्या टेबलाशी उभी असलेली ती आई आठवत होती.

झडतीचा पंचनामा करायचा म्हणून हवालदारांनी घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं मागितली. रोजचंच काम. मुलगा सकाळीच कामावर गेलेला. सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. ती हळूच म्हणाली, "माझं कार्ड सासूबाईंकडे आहे."

"रेशनच्या कामाला दिलंय!" सासू ओरडली.

आत्तापर्यंत विमान, कार्ड, सरकार यांवर अघळपघळ बोलणारी बाई रेशनच्या नावाने एवढी का ओरडली? मी आमच्या महिला शिपायाला खूण केली. ती सुनेला मागच्या अंगणात घेऊन गेली. जरा वेळाने आम्हीही गेलो.

सून जेमतेम तेवीस-चोवीसची, माहेर जवळच्याच धाकटी डहाणू गावचं. बोलली ती सरळ.

"साहेब, माझ्या कार्डाची नक्कल काढून त्यावर त्या पोरीचा फोटो बसवलाय. मी नको म्हटलं, तर मला गप्प केलं. काल रात्रभर मला झोप नाही. माझं नाव घेऊन ती पोर कुठे जाईल, काय होईल तिचं?"

"कार्डावर नाव काय आहे? पूर्ण सांग, पोरी."

तिने स्वतःचं नाव सांगितलं आणि थांबली.

"पुढे? नवऱ्याचं?"

तिने मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि ही बाई सासूविरुद्ध बोलायला धजली, पण नवऱ्याचं नाव घ्यायला लाजत होती! मी चिडून काही बोलणार, इतक्यात तिने हवालदारांच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बोट केलं.

"आमच्या ह्यांचं नाव ना... ह्यांचंच."

एरवी मला आणि महिला शिपायाला हसू आवरलं नसतं. हवालदार मात्र कानापर्यंत लाल झाले. मी तिथूनच फोन लावला आणि सुनेचं नाव, हवालदारांचं नाव, मुकादमिणीचं आडनाव असं ओळीने सांगितलं. पलीकडचा अधिकारी म्हणाला, "आहे. संध्याकाळच्या विमानात."

पुढचं मला नंतर कळलं. मुलगी एका माणसाबरोबर प्रवेशद्वाराच्या रांगेत होती. दारावरच्या महिला जवानाने कार्ड पाहिलं, तिकीट पाहिलं. दोन्ही जुळत होती. नाव विचारलं, तर मुलीने पाठ केलेलं नाव नवऱ्यासकट घडाघडा म्हणून दाखवलं. आमचा निरोप तोवर पोचला होता. त्या जवानाने आरडाओरडा केला नाही. फक्त खाली वाकून मायेने विचारलं, "बेटा, कौन-सी क्लास में हो?"

"नववी," पोरगी म्हणाली. आणि रडू लागली.

बरोबरचा माणूस तिथेच ताब्यात आला. मुलीला नियमाप्रमाणे बाल कल्याण समितीपुढे नेलं आणि समितीच्या आदेशाने आईकडे दिलं. आईने तिला आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण माझेच डोळे भरून आले होते.

सून त्यानंतर काही महिने माहेरी होती. नवरा रुसला होता, पण शेवटी स्वतः येऊन तिला घेऊन गेला आणि दोघांनी वेगळं घर केलं. खटल्यात ती सासूविरुद्ध साक्षीला उभी राहिली. पतीचं नाव विचारल्यावर तिने एकदा आमच्या हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी घाईने छातीवरच्या पट्टीवर हात ठेवला. मग तिने ते नाव आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, स्पष्ट उच्चारलं.

तपास आम्ही केला असं कागदावर आहे. खरं सांगायचं तर आम्ही फक्त धावलो. लेकीच्या अंगावरची परकी साडी आईने पाहिली, सुनेने घर पणाला लावलं आणि कार्ड जुळत असतानाही एका जवानाने चेहऱ्याकडे बघून प्रश्न विचारला. कार्ड जुळलं की आपलं काम संपलं असं मीही कैकदा मानलं असेल. त्या दिवसानंतर माझ्यासमोर कोणी कार्ड ठेवलं, की मी आधी माणसाकडे बघायला लागलो. या बायकांचं माझ्यावर ऋण आहे, ते फिटायचं नाही.

निवृत्तीच्या थोडं आधी, २०१९मध्ये, ती आई पुन्हा ठाण्यात आली. या वेळी न सांगता बसली. बरोबर मुलगी होती, उंच झालेली. तिने पर्समधून नवं मतदार ओळखपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. फोटोत तिची स्वतःची ओढणी होती, साधी, धुऊन विटलेली.

"सायेब, आता हे दाखवून विमानात बसता येईल ना?" मुलीने विचारलं.

"येईल की."

"वाचा ना मग," तिची आई म्हणाली. "मला वाचता येत नाय. मोठ्यानं वाचा."

मी खुर्चीतून उठलो. सगळं ठाणं ऐकेल अशा आवाजात तिचं नाव, तिच्या बापाचं नाव आणि तिचं आडनाव वाचलं.