गोलकीपरचा करारनामा

परळीच्या तहसीलसमोर बाँड लिहिणारे एक गृहस्थ आमच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर होते. परदेशी क्लबांचं बघून त्यांनी आम्हा सगळ्यांशी करार केले होते. बोलतानाही ते ‘सबब’ म्हणत. गोलकीपरला दुसऱ्या टीमनं बोलावलं, तेव्हा त्यांनी त्याला बाँड दाखवला.

“सबब, वर्षभर जाता येत न्हाई.”

“बरं, ऱ्हातो,” तो म्हणाला आणि रविवारी सामना सुरू होताच गोलात मांडी घालून शेंगा खात बसला.

सहा गोल झाल्यावर मॅनेजर मैदानात आले. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी ‘राजीखुशीने मुक्त’ असं लिहून दिलं आणि स्वतः गोलात उभे राहिले. आणखी चार गोल झाले.

परतताना मी विचारलं, “मग करार कावून करता?”

“रद्द करायला कायतरी लागतंय की,” ते म्हणाले.