घरचेच आहेत म्हणून

बंद भिंतीवर हात ठेवला की आतलं पाणी कुठे झिरपतंय ते नळदादाला कळतं, असं लोक सांगायचे. तो स्वतः हसून म्हणायचा, "हाताला कसलं कळतंय! रंगाला पोपडे आलेले दिसतात, म्हणून कळतं." खऱ्या नावाने त्याला हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. बायको "अहो" म्हणायची, बहीण "दादा" म्हणायची आणि बाकी सगळ्यांचा तो नळदादा.

हाताला चव असलेली माणसं स्वयंपाकघरात असतात, तसा हा पाइपांमध्ये होता. त्याने बसवलेला सांधा सहसा गळत नसे. पण शाळा लवकर सुटलेली. नळाच्या कामाला सरकारी लायसन लागेल असा नियम निघाला, तेव्हा दहावी पास नसलेल्याला परीक्षेलाच बसू देईनात.

त्याच सुमाराला धाकट्या बहिणीचं लग्न झालं होतं. नवरा दहावी शिकलेला, स्वभावाने गोड, पण कुठल्याच कामात टिकत नव्हता. बहीण माहेरी आली की पदराने डोळे पुसायची. नळदादाने मेव्हण्याला हाताशी धरलं. पाइपाला आटे कसे पाडायचे, उतार किती ठेवायचा, घाण पाण्याची लाइन पिण्याच्या पाण्यापासून कशी लांब न्यायची, सगळं शिकवलं. परीक्षेच्या दिवशी तर केंद्राबाहेर हाच देवाचं नाव घेत बसला होता. मेव्हणा पास झाला आणि नळदादा असा नाचला की जणू लायसन त्यालाच मिळालं.

तेव्हापासून एकाचे हात आणि दुसऱ्याची सही असा कारभार सुरू झाला. लाइन टाकून झाली की भिंत बुजवण्याआधी तिच्यात पाणी भरून पंपाने दाब द्यायचा आणि गेजचा काटा खाली येतो का, म्हणजे कुठे गळतंय का, ते बघत बसायचं, हा नियम. लायसनवाल्याने हे स्वतः उभं राहून बघायचं आणि मग सही करायची. मेव्हणा सुरुवातीला यायचा. मग त्याची पाठ धरली, मग गिऱ्हाइकं भेटायला जावं लागलं, मग सवयच झाली. नळदादा काट्यावर नजर ठेवून बसायचा आणि फोनवर सांगायचा, "करा सही, पाहुणे. काटा हलला नाही." मेव्हणा घरी बसून सही करायचा. एकमेकांवर विश्वास होता, त्यात वावगं काही आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

अशी वर्षं गेली. मग नियम आणखी कडक झाले. लायसन नसलेल्याने यापुढे लाइनला हातच लावायचा नाही, फक्त सामान उचलायचं. पण जुन्या कारागिरांना एक सवलत होती. शिक्षण नसलं तरी लायसन मिळेल. अधिकाऱ्यासमोर साक्ष द्यायची की हा माणूस सगळं काम स्वतः करत आलाय. साक्षीला एक लायसनवाला चालेल, नाहीतर ज्यांच्या घरी काम केलंय असे दोघं घरमालक.

बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरच्या शिक्षकांना विचारा ना. त्यांचं अख्खं घर तुम्ही केलंय. आनंदाने येतील, शेजाऱ्यांनाही आणतील."

"घरचा माणूस असताना परक्यांच्या दारात जाऊ? मेव्हण्यांना काय वाटेल? बहिणीचा अपमान होईल."

"त्यांचा कसला अपमान त्यात?"

"तुला नाही कळायचं."

मेव्हण्याने लगेच होकार दिला. "दादा, हे काय विचारणं झालं? तुमच्यासाठी नाही येणार तर कुणासाठी?"

ठरल्या दिवशी दोघं कचेरीत गेले. बाकावर बसायला जागा नव्हती. जिन्याजवळच्या बेसिनचा नळ टपटपत होता आणि त्याला कुणीतरी फडकं गुंडाळलं होतं. नळदादा तिकडे वळलेला बघून शिपाई ओरडला, "ओ काका, हात लावू नका! लायसन आहे का?" बाकावरचे सगळे हसले. नळदादाही हसला. म्हणाला, "संध्याकाळपर्यंत दम धरा. घेऊनच येतो."

आत एक बाई अधिकारी होत्या. मऊ बोलणाऱ्या. त्यांनी मेव्हण्याला विचारलं, "हे तुमच्याकडे काय काम करतात?"

मेव्हण्याने घसा साफ केला. "म्हणजे… मदतीला असतात."

"लाइन कोण टाकतं?"

"मी."

"आणि चाचणीच्या वेळी काटा कोण बघतं?"

नळदादाने मान वर केली. मेव्हणा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मीच बघतो, मॅडम. माझी सही असते ना. हे पाइप धरतात, सामान देतात. आता घरचेच आहेत म्हणून ठेवलंय, झालं."

खोलीत पंखा फिरत होता. नळदादाला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "काका, हे म्हणतात ते बरोबर आहे?"

तेव्हा त्याला सगळा हिशेब उमगला. खरं बोललं तर मेव्हण्याने न बघता सह्या केल्या हे उघडं पडणार, त्याचं लायसन जाणार. बहिणीचं घर त्या लायसनवर उभं होतं.

"ते सांगतात तसंच," तो म्हणाला.

"मग तुम्ही सवलतीत बसत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि इथे एकदा दिलेली साक्ष बदलता येत नाही, बरं का. आता दुसरे साक्षीदार आणून उपयोग नाही."

जिन्यात मेव्हण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, समजून घ्या. आपलं काम थोडंच थांबतंय? उद्यापासून आहेच की नेहमीसारखं." नळदादाने खांदा काढून घेतला आणि तो तडक बहिणीकडे गेला. त्याला वाटलं, ही ऐकेल आणि नवऱ्याला फाडून खाईल. लहानपणापासून त्याच्या वाटचं भांडण हीच भांडत आली होती.

बहीण गच्चीत कपडे वाळत घालत होती. त्याने सगळं सांगितलं. तिने तोंडातला चिमटा काढला, चादरीला लावला आणि पाठमोरीच म्हणाली, "मीच सांगितलं त्यांना तसं बोलायला."

"काल रात्रभर झोपले नाहीत ते. खरं सांगितलं तर लायसन जाईल म्हणाले. मी म्हटलं, दादा काही बोलणार नाही. तो मला ओळखतो आणि मी त्याला."

"मग आदल्या दिवशी मला का नाही सांगितलंस? मीच म्हणालो असतो, नका येऊ साक्षीला. शिक्षकांना नेलं असतं. तुझं घरही राहिलं असतं आणि माझंही."

तिने ओला टॉवेल पिळून दोरीवर टाकला. मग म्हणाली, "तुला लायसन मिळालं असतं तर तू वेगळा झाला असतास, दादा. मग यांनी काय केलं असतं? यांना काय येतं?"

ती हे शरमून बोलली असती तर कदाचित तो खाली बसला असता. पण ती भाजीचा भाव सांगावा तशी बोलली. पुढे म्हणाली, "चहा ठेवू?"

"नको."

घरी त्याने बायकोला एवढंच सांगितलं की काम झालं नाही. तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट वाढलं. शिक्षकांचं नाव तिने काढलं नाही, ही तिची माया. दुसऱ्या दिवशी मेव्हण्याचा फोन वाजत राहिला. नळदादा आंघोळ करून देवापुढे हात जोडून उभा राहिला, पण मागायचं काय हेच त्याला सुचेना. मग तो गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतींचं काम घेतलेल्या एका ठेकेदाराकडे गेला.

ठेकेदाराने त्याला वरखाली न्याहाळलं. "या वयात मदतनीस? पाइप उचलतील ना?"

"उचलतो."

"बघा हं, माझ्याकडे आधीच काकापुतण्यांची भांडणं चालू आहेत. तुमचं या धंद्यात नात्यातलं कुणी नाही ना?"

बाहेर पाइपांचा ट्रक उतरत होता. नळदादाने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"नाही," तो म्हणाला. "नात्यातलं कुणी नाही."