मागितलं की देणारी पोरगी

चुलत्याच्या पोरीचं जपानला जायचं ठरलं आणि आमच्या ताडकळस गावात तिला शहाणपण शिकवायला रांग लागली. अकरावीतली पोर. विज्ञानाच्या प्रकल्पावरून निवड झालेली, कॉलेजच्या दोन शिक्षकांबरोबर दहा दिवस जायचं. सल्ले काय, तर केस मोकळे सोडू नको. पोरांशी खिदळू नको. तिथं कच्चे मासे खातात म्हणे, तोंड वाकडं करू नको. ज्यांनी जन्मात पासपोर्ट पाहिला नव्हता त्यांचंच तोंड जास्त चालत होतं. पिशवीत लोणच्याच्या तीन बरण्या कोंबल्या की पोरगी सुरक्षित, एवढीच यांची अक्कल.

मी गावोगाव मुलींच्या सुरक्षेची पत्रकं वाटत फिरते. तिला सांगितलं, "पासपोर्ट विमानतळाच्या खिडकीवर दाखवायचा, लगेच परत घ्यायचा. बाकी कुणाच्याच हातात द्यायचा न्हाई. परदेशात तो गेला तर तू अडकलीस." तिनं मान डोलावली. मी लगेच हात पुढं केला, "आण बरं, मी ठेवते."

तिनं दिला.

मग मी सरांसारखा आवाज काढून मागितला. दिला. पोलिसासारखी दरडावले, तर दोन्ही हातांनी दिला.

"अगं, का देतीस?"

"मोठ्या माणसानं मागितल्यावर न्हाई कसं म्हणायचं, ताई?"

संताप तिचा आला नाही. 'आमची पोरगी लय गुणाची, कधी उलटून बोलली न्हाई' असं सोळा वर्षं मिरवणाऱ्यांचा आला. अशी गुणाची पोर पहिला लबाड माणूस भेटेपर्यंतच गुणाची राहते. माझ्या पत्रकावर 'अनोळखी माणसाला ठाम नकार द्या' असं छापलंय. जिनं घरातल्याला कधी नकार दिला नाही, ती अनोळखी माणसाला काय देणार? ते पत्रक मी पुन्हा वाटलं नाही.

पासपोर्ट सतत जवळ ठेवायला लावून आठ दिवस मी तिच्या मागं लागले. भाकरी थापताना मागायची, नळावर मागायची. काकू चिडली, "तू तिला उद्धट करायलीस."

"मग काय, काकू? उद्धटच पाहिजे!"

आधी ती 'न्हाई' म्हणायची आणि हसत हसत देऊन टाकायची. सातव्या दिवशी मी हिसकायला गेले, तर माझा हात झटकला. नखं लागली. मी शाबासकी दिली.

निघायच्या आदल्या दिवशी मंदिरासमोर सत्कार झाला. फ्लेक्सवर तिचा फोटो तिकिटाएवढा आणि पुढाऱ्याचा खिडकीएवढा. शाल घालून झाल्यावर पुढारी म्हणाले, "बेटा, पासपोर्ट आण. आतलं पान उघडून फोटो काढू, स्टेटसला ठेवतो."

आतल्या पानावर तिचा नंबर, जन्मतारीख, सगळं. या माणसाचं स्टेटस अर्धा तालुका बघतो.

पोरीनं पर्स छातीशी धरली. "काका, माझा फोटो काढा. पासपोर्ट न्हाई देत."

चुलता पुढं धावला, "दे की गं, आपलेच हायेत!"

"न्हाई, अप्पा."

"माफी माग त्यांची!"

"माफी मागते. पासपोर्ट न्हाई देत."

पुढारी हसल्यासारखं करून गाडीत बसले. मागून कुणीतरी म्हणालंच, "आत्ताच ही तऱ्हा, आल्यावर तर बघायलाच नको." म्हणणारा गृहस्थ बायकोला दवाखान्यातसुद्धा एकटीला जाऊ देत नाही.

घरी येताच चुलत्यानं पिशवी ओसरीवर आपटली. एक बरणी फुटली. "जायचं न्हाई हिनं. चारचौघांत माझं नाक कापलं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूच बोलली.

"आठ दिवस मला घोर लागला होता, कुणी मागंल अन् ही देऊन बसंल. आज मिटला. जाऊ द्या तिला."

चुलता पायात चपला सरकवून पुढाऱ्याच्या घरी माफी मागायला गेला. जाईना का! काकूनं पोरीची सलवार मागून घेतली आणि पासपोर्ट मावेल असा आतला खिसा शिवायला बसली.