मिस्त्रींचं डगमगतं टेबल

गल्ली अशी उतरती की वरच्या टोकाला हातातून सुटलेलं लिंबू खालच्या टोकाचा चहावाला उचलून घेतो. आता तुम्ही म्हणाल, अशा ठिकाणी टेबलं मांडून जेवायचं कुणाच्या डोक्यात आलं? आलं खरं. चार वाजले की दोन्ही बाजूंच्या खानावळी आपापली टेबलं बाहेर काढतात आणि दिवेलागणीपर्यंत माणसं खांद्याला खांदा लावून जेवत असतात. तरी कुणाच्या वाटीतलं सूप कलंडत नाही. ही देवाची कृपा नाही, एका खाष्ट सुताराची आहे.

गल्ली त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणते आणि पाठीमागे ओळंबा. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. मिस्त्री तसेच आहेत, वाकडं काही खपत नाही. ते टेबल आधी जागेवर नेऊन ठेवतात, खालच्या फरश्या निरखतात आणि मग चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे कापतात. त्यामुळे टेबल फक्त त्याच जागी उभं राहतं. खालून खिळ्याने नंबर कोरलेला असतो. सहाच्या जागी सात मांडलं की टेबल नाचायला लागतं आणि मिस्त्री खानावळवाल्याची चारचौघांत हजेरी घेतात. पायाखाली कागदाची घडी सारणारा माणूस तर त्यांच्या दृष्टीने वाया गेलेला. रोज चारच्या ठोक्याला ते टेबलांच्या कोपऱ्यांवर तळहात दाबत गल्लीभर फिरतात. असं चाळीस वर्षं चाललं आहे.

पूर्वी या फेरीनंतर त्यांचं काकूंबरोबर खाली गल्लीत जेवण व्हायचं. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको, सगळ्या गल्लीची काकू. कुणाच्या घरी काय चाललंय हे त्या घराच्या आधी काकूंना कळायचं, आणि बोलायला लागल्या की पाहुणा उठून गेला तरी वाक्य पुरं करायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, कुणी बघत असलं की वाढतो, एवढंच.

एवढंच म्हणे. एका संध्याकाळी खाली जेवताना काकूंचा चमचा वाटीवर टकटक वाजायला लागला आणि सूप कपड्यांवर सांडलं. शेजारच्या टेबलावरचा कुणी परका आपल्या सोबत्याला म्हणाला, "बाई पिऊन आलीय वाटतं." हळूच म्हणाला, पण काकूंचे कान शाबूत होते. त्यांनी चमचा ठेवला आणि जिना चढून घरी गेल्या. त्या दिवसापासून त्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवू लागल्या. मिस्त्रींनाही तिथे यायची बंदी. गल्लीची खबर राहिली बाजूलाच, "हो" आणि "नाही" यापुढे बोलणं जाईना.

मिस्त्रींना ते बघवत नव्हतं. बायकोने पुन्हा चार माणसांत बसून जेवावं, याखेरीज त्यांना काही नको होतं. त्यांनी जड चमचा आणला. झाकणाचा पेला आणला. काकू म्हणाल्या, "मी काय तान्ही आहे?" आणि दोन्ही वस्तू फडताळात गेल्या.

अशात एक दिवस गल्लीतल्या एका टेबलाच्या पायाचा टवका उडाला. त्यावर बसलेल्या मिशाळ गृहस्थाच्या शर्टावर वाटीभर सूप सांडलं. त्याने टेबलाचा उद्धार केला, शर्ट पुसला आणि दुसरी वाटी मागवली. त्याला कुणी हसलं नाही. मिस्त्री करवत घेऊन धावत आले खरे, पण तिथेच उभे राहिले. सांडलं, तर दोष टेबलाचा. माणसाकडे कुणी बघितलंही नाही.

त्याच सुमारास त्यांच्या इमारतीची गच्ची खानावळवाल्या ताईंनी घेतली होती आणि वर आठ टेबलं हवी होती. गच्चीलाही पाणी वाहून जायला उतार असतोच, म्हणजे काम मिस्त्रींचंच. सात टेबलं त्यांनी नेहमीसारखी केली, खडकासारखी. कठड्याजवळच्या आठव्यापाशी मात्र ते बराच वेळ बसून राहिले. हात चालेना. शेवटी दात-ओठ खात त्यांनी एका पायाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा जास्तीचा उडवला. चाळीस वर्षांचं नाव होतं हो, तुकडा लहान असला म्हणून काय झालं.

ताईंनी हात ठेवून बघितला. "मिस्त्री, हे हलतंय."

"राहू द्या."

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. आणि त्याखाली कागद सारायचा नाही."

गच्ची सुरू व्हायच्या दिवशी ऊन कलल्यावर ते काकूंना म्हणाले, "जेवू नकोस. नुसती टेबलं बघायला चल." तेवढ्याला काकू तयार झाल्या. वर जाऊन आठव्या टेबलाशी टेकल्या, आणि ताईंनी न विचारताच सूप आणून ठेवलं. काकूंनी इकडेतिकडे बघत चमचा उचलला. हात थरथरला, टेबलाचा पाय खाडकन आपटला, सूप सगळीकडे झालं.

"ओळंब्या, स्वतःच्या बायकोला डगमगतं टेबल दिलंस?" मिस्त्रींचा जुना मित्र शिंपी पलीकडून ओरडला. सगळी गच्ची हसली, आणि हसली ती मिस्त्रींना. ते डोकं खाजवत म्हणाले, "वय झालं बाबा, चुकलो." काकूही हसल्या. दोन वर्षांनी हसल्या. अर्धं सूप पोटात, अर्धं टेबलावर, असं त्यांनी जेवण उरकलं आणि शिंप्याच्या सुनेची खबरही काढून घेतली. त्या रात्री मिस्त्रींना आनंदाने झोप लागली नाही.

पुढचे तीन दिवस काकू रोज वर आल्या. पण गल्लीच्या जिभेला हाड नसतं. मिस्त्रींचा हात गेला, नजर गेली, असं सुरू झालं. चौथ्या दिवशी काकू खिडकीत उभ्या होत्या, तेव्हा खालच्या कोपऱ्यावरचा खानावळवाला कुणाला तरी सांगत होता, "म्हातारा आता संपला. टेबलं दुसऱ्याकडून करून घेऊ." जो माणूस दर चारला मिस्त्रींना चहा पाजायचा, तोच.

त्या संध्याकाळी काकूंनी सूप बाजूला सारलं. टेबलाच्या कोपऱ्यांवर एकेक करून तळहात दाबला, मग सगळ्यांदेखत वाकून खाली बघितलं. सुताराच्या घरात आयुष्य काढलेली बाई ती. कापलेला पाय गुळगुळीत होता, काटकोनात होता. चुकलेला हात असा कापत नाही.

"अहो, इकडे या," त्या म्हणाल्या. मिस्त्री आले. "हा पाय मुद्दाम कापलात."

मिस्त्रींनी कापलेल्या पायावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "तुला कुणी काही बोलू नये म्हणून."

"नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतात," काकू म्हणाल्या. "तुम्ही तर माझ्यासाठी अंगणच वाकडं करून ठेवलंत." त्यांनी डोळे पुसायला हात वर नेला, तर तोही थरथरत होता, म्हणून दुसऱ्या हाताने पुसले. "आणि स्वतःचं नाव घालवून बसलात. वेडे आहात का? जा, करवत आणा."

मिस्त्रींनी करवत आणली. काकूंनी आपली वाटी हातात धरली आणि ते गुडघ्यांवर बसून उरलेले तीन पाय कापू लागले. भुसा बघून लोक जेवायचे थांबले. शिंपी विचारायला उठला, पण काकूंनी त्याला हातानेच बसवलं.

"टेबलात काही खोट नव्हती," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. प्यायलेली नाही, आजार आहे. मला कुणी हसू नये म्हणून यांनी आपलं हसं करून घेतलं. खालच्या कोपऱ्यावरही हे कुणीतरी जाऊन सांगा."

शिंपी चष्मा पुसत बसला. मिस्त्रींनी टेबल सरळ उभं केलं, ते जरा बुटकं झालं होतं. त्यांनी चारही कोपरे दाबून बघितले आणि नेहमीसारखी मान हलवली. मग खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले.

काकूंनी चमचा उचलला. टेबल ढिम्म होतं. सूप तरीही सांडलं, चांगलं दोन-तीन चमचे, आणि काकूंनी ते पुसलंही नाही.

"ताई," त्यांनी हाक मारली, "आणखी एक वाटी आण गं. ही तर अर्धी सांडणारच आहे, आणि मला भूक लागलीय."