डांबरवाल्याच्या दारातली वाट

त्या वस्तीत कुणाला फाटकापासून घरापर्यंत डांबराची वाट करून घ्यायची असली, की लोक म्हणायचे, ‘थोरलीला बोलवा.’ घरातली मोठी मुलगी म्हणून पडलेलं हे नाव कामावरही तिला चिकटलं. गँगमधले तिच्या बापाच्या वयाचे गडीसुद्धा ‘अगं थोरले, खडी कमी पडतेय!’ असं ओरडायचे आणि तीही तेवढ्याच मोठ्यानं उत्तर द्यायची. रोलर चालू असताना नाजूक बोलणं कुणाला ऐकू येत नाही, आणि गरम माल कुणासाठी थांबत नाही.

काम मुळात वडिलांचं. शिक्षण संपल्यावर तिला एका दुकानात नोकरी लागली होती, पण पंख्याखाली बसून झोप येते म्हणून ती परत आली आणि बाबांच्या हातातलं दाताळं तिनं मागून घेतलं. दाताळ्यानं माल असा ओढायचा, की मोठी खडी एका जागी गोळा होऊ नये आणि रोलर फिरल्यावर कुठं खळगा राहू नये. तिनं पसरलेल्या भागावर बाबा बादलीभर पाणी ओतायचे. जिथं पाणी थबकायचं, तिथं नुसतं बोट दाखवायचे. त्या बोटाला ती जेवढी घाबरली, तेवढी शाळेतल्या कुठल्याच बाईंच्या छडीला घाबरली नव्हती. एक दिवस पाणी न अडखळता वाहून गेलं. बाबांनी बादली उचलली आणि पुढे चालू लागले. ती शाबासकी होती, हे तिला घरी जेवायला बसल्यावर समजलं.

पुढे गँगमधल्या रोलरवाल्याशीच तिचं लग्न झालं आणि तो सासऱ्याच्या घरी राहायला आला. लोकांनी घरजावई म्हणून चिडवून बघितलं. “मी तर रोज पुढे-मागे, पुढे-मागे करतो,” तो म्हणायचा, “मला इकडं काय नि तिकडं काय!” चिडवणारेच कंटाळले.

मग बाबांचे पाय गेले. आजारपणानं कमरेखालची ताकद नेली आणि घरात चाकांची खुर्ची आली. बाबांचं तोंड मात्र शाबूत होतं, हात दाताळ्यानं घडवलेले होते. घरात ते खुर्ची अशी फिरवायचे, की भिंतींचे कोपरे झिजले. पण दाराबाहेर त्यांचं काही चालेना. घर उंचावर, रस्ता खाली आणि मधली जमीन काळ्या चिकण मातीची. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडायच्या, की घरातले चमचे त्यात गडप व्हायचे. पावसाळ्यात तीच माती फुगून वर यायची. बाबांनी भर उमेदीत तिथं दोनदा डांबर टाकलं होतं आणि दोन्ही वेळा ते पापडासारखं मोडलं होतं. हा विषय घरात कुणी काढत नसे.

आता बाहेर जायचं म्हणजे जावयानं त्यांना उचलायचं. तो प्रेमानं उचलायचा, गमती करायचा, पण त्याच्या खांद्यावर असताना बाबा डोळे मिटून घ्यायचे. हळूहळू त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. कोपऱ्यावरच्या यार्डात सकाळी नि जेवणाच्या सुट्टीत गँग जमायची, तिथल्या हाका आणि हसणं त्यांना खिडकीतून ऐकू यायचं. एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं, “यार्डात नाही गेलात?” बाबा म्हणाले, “पोतं स्वतः चालत जात नाही ना, काकू.”

हे थोरलीनं स्वयंपाकघरातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिनं दारात चुन्याच्या रेघा मारल्या.

“काय चाललंय?” बाबांनी दारातून विचारलं.

“वाट करतेय. तुम्ही एकटे यार्डापर्यंत जाल अशी.”

“दोनदा झालंय करून.”

“काँक्रीट करू या का मग?” रोलरवाल्यानं मध्येच तोंड घातलं.

“डांबरवाल्याच्या दारात काँक्रीट?” बाबा कडाडले. “त्यापेक्षा मला पोत्यात घालून फेकून द्या, जावईबापू!”

म्हणजे डांबरच. ही तिसरी वाटही फुटली, तर बाबा पुन्हा कधी उंबरा ओलांडणार नाहीत, हे तिघांनाही न बोलता कळलं होतं.

सरळ उतार खुर्चीला झेपणारा नव्हता. म्हणून तिनं वाटेला अंगणातून मोठं वळण दिलं. लांबी वाढली, चढ मवाळ झाला. “साप काढलायस नुसता,” बाबा म्हणाले. वरची माती उचलून टाकली. खालच्या मातीत तिनं चुना कालवला, पाणी मारून रोलर फिरवला आणि माती आवळेपर्यंत वाट बघितली. चुना बसला की चिकण माती कमी फुगते, कमी आकसते. त्यावर खडीचा थर टाकला, तोही डांबराच्या दोन्ही कडांच्या बाहेर येईल एवढा रुंद, कारण डांबर मोडायला सुरुवात होते ती कडेपासूनच. छपराचं पावसाचं पाणी उतरवणारा पाइप लांब नेऊन सोडला. बाबांची टीका दिवसभर चालू असायची. पण चुना कालवताना ते खुर्ची पुढे घेऊन नुसतं बघत होते. मातीत चुना त्यांनी कधी घातला नव्हता.

डांबर टाकायचा दिवस ठरला. त्या सकाळी बाबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्ची दारात आणून लावली. शेवटची परीक्षा तेवढी राहिली होती. भरलेला डंपर खडीच्या थरावरून सावकाश न्यायचा आणि चाकामागची जमीन दबते का ते बघायचं. थोरली जमिनीवर पालथी पडली, गाल जवळजवळ खडीला लागलेला. डंपर सरकला. वळणापाशी चाकाच्या मागे जमीन किंचित खाली गेली आणि परत वर आली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी.

ती उठली, कपडे झटकले आणि फोन लावला. “आज माल पाठवू नका.”

“अगं, एवढंसं तर हललं!” नवरा हळूच म्हणाला. “बाबा बघ कसे तयार होऊन बसलेत.”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

बाबांनी खुर्ची फिरवली आणि आत निघून गेले. त्या दिवशी ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठ हवं होतं तेही जावयाकडं मागितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं वळणापाशी खणायला लावलं. बाहेर ऊन अंगाची लाही करत होतं, आजूबाजूची माती विटेसारखी वाळलेली, आणि खाली मात्र फावड्याला ओला लगदा लागला. अजून खणलं तर न्हाणीघराची जुनी नळी निघाली, सांध्यातून झिरपणारी आणि आधीच्या वाटेखालूनच गेलेली. एका बाजूची माती सदा ओली, दुसरी उन्हाळ्यात वाळून आकसणारी. वरचं डांबर कितीही चांगलं असो, ते मोडणारच होतं.

तिनं तो लगदा हातात घेतला आणि दारात बसलेल्या बाबांपुढं धरला. त्यांनी दोन बोटांत मळून बघितला. बराच वेळ त्यांचं बोट त्यात रुतलेलं होतं.

“दोनदा मी डांबराला शिव्या घातल्या,” ते म्हणाले. “माल पाठवणाऱ्या कारखानेवाल्यालाही.” मग हसायला लागले, इतके की खुर्ची हलायला लागली. “त्या बिचाऱ्याला मी भर रस्त्यात चोर म्हटलं होतं गं!”

नळी बदलली, खड्डा चुना घातलेल्या मातीनं आणि खडीनं थर देत आवळत भरला. डंपर परत फिरला, जमीन हूं की चूं करेना. मग माल आला, वाफा सोडत. जुने गडी सवयीनं दारातल्या खुर्चीकडं बघत होते. रोलरवाल्यानंही गाडी थांबवून हाक मारली, “मामा, आता फिरवू, की जरा निवू दे?”

बाबांनी तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता सुरू होणार.

“मुकादमाला विचार,” ते थोरलीकडं मान वळवून म्हणाले. “मी आज गिऱ्हाईक आहे.”

थोरलीनं मान वर केली नाही. दाताळं मात्र तिनं उगीचच एकाच जागी दोनदा फिरवलं.

गिऱ्हाईक म्हणून बाबा फारच त्रासदायक निघाले. जन्मभर त्यांनी लोकांना बजावलं होतं, कडक उन्हात नवं डांबर मऊ असतं, लगेच गाडी आणू नका, स्टूलसुद्धा टेकवू नका. आता थोरलीनं दारात दोर बांधला, तर दुसऱ्याच दिवशी विचारू लागले, “आज जाऊ?”

“तुमच्या खुर्चीची चाकं बारीक आहेत. रुततील.”

“मी हलका माणूस आहे.”

“सगळी गिऱ्हाईकं असंच म्हणतात.”

“सगळ्या गिऱ्हाइकांनी चाळीस वर्षं डांबरात घालवलेली नसतात!”

“म्हणून तर त्यांना समजावता तरी येतं,” ती म्हणाली. काकू कुंपणापलीकडं तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मधल्या दिवसांत तिनं वाटेच्या दोन्ही कडांना माती चेपून आधार दिला. दुपारी ती वाकून डांबरावर अंगठा दाबायची आणि मान हलवायची. आतून बाबा तिच्या मानेकडं बघत असायचे. एका दुपारी अंगठा दाबूनही ठसा उमटला नाही. तिनं दोर सोडला आणि गुंडाळून खांद्यावर टाकला.

बाबांनी शर्टही बदलला नाही. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि खुर्ची उतारावर सोडली. वळणावर त्यांचे पंजे चाकांवर घट्ट बसले. खुर्ची ना सुसाट सुटली, ना अडखळली. रस्ता लागला, कोपरा आला आणि यार्डातून एकदम आरडाओरडा ऐकू आला. त्यात सगळ्यात मोठा आवाज बाबांचा होता. कुणाचं तरी फावडं न धुता ठेवलेलं त्यांना दिसलं होतं.

परत येताना मात्र चढ होता. जावई धावत पुढं झाला, तर बाबांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो तिथूनच माघारी फिरला. थोरली सोबत चालू लागली. आपल्याकडून चुकून ढकललं जाऊ नये म्हणून तिनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधले होते. बाबा चाकाला एक रेटा द्यायचे, दम घ्यायचे, परत रेटा. कपाळावरून घाम टपकत होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. कुंपणाशी काकू, फाटकाशी अर्धी गँग उभी होती.

वळणापाशी त्यांनी ब्रेक लावला.

“दमलात?” तिचे हात पाठीमागं सुटायला आले.

“हात मागंच ठेव,” बाबा म्हणाले. त्यांनी खाली, जिथं तो लगदा निघाला होता तिथल्या काळ्याभोर, सपाट डांबराकडं बघितलं, आणि मग फाटकाशी उभ्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “बघतोय. चांगलं काम घाईत बघू नये.”

मग ब्रेक काढून ते पुढचा चढ चढायला लागले.