अण्णांचा डबा आणि आत्याच्या माळा

आधीच सांगून ठेवते, या सदरातले अनुभव मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचते. एका कॉलेजात मी इन्स्ट्रुमेंटेशनची लॅब सांभाळते. दिवसभर मीटर, सेन्सर, केबल... "मॅडम, रीडिंगच येत नाही" म्हणत मुलं आली की मी आधी प्लग बघते, आणि बहुतेक वेळा तोच निघालेला असतो. भूत, अंगात येणं, स्वप्नात कोणी येऊन काही सांगून जाणं — माझ्या लेखी हे सगळे निघालेले प्लग. पण एक प्लग मला अजून सापडलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

नाशिकला गंगापूर रोडवर आज आमची सोसायटी आहे, तिथेच पूर्वी आमचा फुलांचा मळा होता. शेवंती, निशिगंध, थोडा गुलाब. मळा गेला, बिल्डिंग आली, आणि मोबदल्यात माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, दुसऱ्या मजल्यावर शेजारशेजारचे दोन फ्लॅट मिळाले. एकात अण्णा आणि त्यांची धाकटी बहीण शकूआत्या, दुसऱ्यात मी आणि माझा नवरा मिलिंद. आई मी शिकत असतानाच गेली होती. आत्याने लग्न केलं नाही. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात तिचे कान गेले. बोलायला त्याआधीच शिकलेली होती, त्यामुळे बोलते छान, फक्त जरा मोठ्याने. समोरच्याचं बोलणं ओठांवरून ओळखते. आणि आपल्याला नको असलेलं बोलणं तिला ओठांवरूनही कळत नाही, हे आम्हा घरच्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता डब्याबद्दल. मळ्यात असताना अण्णांनी बांधकामावरच्या उरलेल्या प्लायचा एक मोठा स्पीकर बॉक्स स्वतः ठोकून बनवला होता. त्यात बारा इंची स्पीकर, बेस म्हणाल तर भरपूर. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. आतून तो नुसता कोरा, अस्तर नाही, काही नाही. अशा बॉक्सचं काय होतं, तर स्पीकरबरोबर त्याच्या फळ्याही वाजायला लागतात. एक ठोका पडला की त्याच्या मागे गुंऽऽ करून शेपूट. जाणकार मंडळी म्हणून आतून डांबरी शीट किंवा फेल्ट चिकटवतात, म्हणजे फळ्या गप्प राहतात आणि बोलतो तो फक्त स्पीकर. अण्णांना हे सगळं माहीत होतं. पण त्यांनी कधी केलं नाही, कारण त्या फळीला आत्याची पाठ टेकलेली असायची.

दुपारी पडवीत फुलं यायची. आत्या डब्याला टेकून माळा ओवायला बसायची, डब्याच्या पलीकडच्या बाजूला पोत्यावर अण्णा फुलं निवडत बसायचे, आणि कॅसेट सुरू. आत्याला गाणं पाठीतून कळायचं. तिचे हात गाण्याच्या वेगाने चालायचे असं नाही, पण ठेक्याची जात तिला बरोबर लागायची. दादरा असला की तीन फुलं आणि एक मरव्याचं पान, पुन्हा तीन फुलं, एक पान. केरवा असला की चार फुलांनंतर पान. तिला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. अण्णा संध्याकाळी माळा टोपलीत भरताना नुसत्या बघून सांगायचे, "ही भजनाची, ही सिनेमातली." कधी मुद्दाम ठेका बदलणाऱ्या कॅसेटी लावून तिची गडबड उडवायचे, मग ती डब्यावरून एक शेवंती त्यांच्या डोक्यावर फेकायची. मी दप्तर टाकून त्या दोघांच्या मध्ये आडवी पडायची. निशिगंधाचा वास, पाठीखाली गार फरशी, आणि डोक्याशी तो घुमणारा डबा... माझं लहानपण म्हटलं की मला तीच दुपार आठवते. इतकं भरून येतं की कधीकधी लॅबमध्ये काम थांबवून पाणी प्यावं लागतं.

फ्लॅटमध्ये आल्यावरही हे चालूच राहिलं. चुलत्यांच्या मळ्यातून फुलं यायची, आत्या देवळांच्या आणि ओळखीच्या लोकांच्या माळा करायची. मग दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. आत्या आमच्याकडे राहायला आली आणि तिच्यामागून डबाही आला.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी तिच्यासाठी गाणी लावली आणि कामाला लागले. ती टेकली, थोडा वेळ बसली, आणि म्हणाली, "वैशे, बिघडलाय ह्यो. वाजत नाय."

डबा वाजत होता. चांगला दणदणीत वाजत होता. मी आवाज वाढवला. "नाय," ती म्हणाली. आणखी वाढवला. शेल्फवरचा स्टीलचा पेला सरकायला लागला, खालच्या मजल्यावरच्या ताई सांगायला आल्या की बाळ दचकून उठतंय, मिलिंदने फळीवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "अगं, माझा हात बधिर होतोय!" आत्या मात्र बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तशी डब्याकडे बघत होती. डॉक्टरांनी तपासलं. पाठीची, हातांची संवेदना उत्तम. मनाला लागलंय, म्हणाले, वेळ द्या.

वेळ दिला. ती माळा ओवायची, पण नुसत्या. फूल, फूल, फूल, फूल... पान कुठेच नाही. टोपलीत मरवा तसाच सुकून जायचा. जेवणं कमी झालं. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, पिंपळगाव बसवंतला असतो, द्राक्षाच्या पॅकहाउसचं बघतो. तो म्हणाला, तिला माझ्याकडे पाठव, मोकळं आवार आहे, माणसांची ये-जा असते, करमेल तिला. मला वाटलं आत्या नाही म्हणेल. तिने बॅग काढली.

"दिवाळी झाली का जाते," ती म्हणाली. "हितं समदं मुकं झालंय."

बहिऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकलं आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. अण्णा गेले, मळा गेला, आता आत्याही गेली तर माझ्या लहानपणातलं हाडामांसाचं माणूस एकही उरणार नव्हतं. स्वार्थी म्हणा हवं तर, पण मला ती जायला नको होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी डबा उघडला. डोक्यात एक तर्क होता — फळ्यांच्या गोंगाटात ठेका बुडत असेल, गोंगाट काढला की ठेका स्वच्छ होईल. दुसऱ्या बाजूने माझं मलाच ठाऊक होतं की अस्तर लावल्यावर पाठीला जाणवणारी थरथर उलट कमी होणार. पण हात बांधून बसवत नव्हतं, आणि खालच्या बाळाची तरी झोप होईल, असं म्हटलं. गाडीच्या दारात आतून लावतात ती डांबरी शीट आणली. स्पीकर काढला, आतली इतक्या वर्षांची धूळ पुसली, शीट हेअर ड्रायरने गरम करून एकेका फळीला चिकटवली आणि पोळ्यांच्या लाटण्याने दाबून बसवली. मिलिंद म्हणाला, "करंज्या झाल्या की सांग." आत्या शेजारी बसून शीटचे तुकडे कापून देत होती. वरून फेल्टचा थर, मधे एक आडवी पट्टी. आधी बोटाने फळी ठोकली की टण्ण व्हायची, आता नुसतं ठप.

लॅबमधला सेन्सर मी आधीच आणून ठेवला होता. कामाच्या आधी फळीवर लावून रीडिंग घेतलं होतं, नंतर पुन्हा घेतलं. आत्या टेकते त्या ठिकाणी जवळजवळ काहीच नाही. काम झकास झालं होतं. माझ्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच होता की आत्याचं उरलंसुरलं गाणंही मी बंद केलं.

पण कानाला मात्र तो बेस काय सुंदर लागत होता! घट्ट, गोल, शेपूट नाही. इतक्या वर्षांत अण्णांच्या कॅसेटींमधला ढोलक मी पहिल्यांदा नीट ऐकत होते. आवाज बेताचा ठेवला आणि डब्याच्या पलीकडच्या बाजूला, खिडकीखाली, उशी टाकून बसले. ऐकण्यात गुंगून गेले. मधे केव्हातरी आत्या टोपली घेऊन आली आणि सवयीने डब्याला टेकून बसली. गाणं संपलं तेव्हा मी मान वळवून बघितलं.

तीन फुलं, एक पान. तीन फुलं, एक पान.

"लागला," आत्या म्हणाली. "आता कसा झाक वाजतोय."

मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली फुलं चुरगळतील.

इथेच थांबले असते तर गोष्ट फार सोपी होती. मिलिंदने सगळ्या नातेवाइकांना माझ्या लायनिंगचं कौतुक सांगितलं. मीही खूश होते, फक्त सेन्सरचं रीडिंग मनातून जाईना. मग कॉलेज सुरू झालं. मिलिंद घरून काम करतो, त्याने दुपारी गाणी लावून दिली आणि आतल्या खोलीत जाऊन बसला. मी घरी आले तर टोपलीत सपाट माळा. एकही पान नाही. "तुझं अस्तर सुटलं वाटतं," मिलिंद म्हणाला. मी तपासलं, कुठेही सुटलेलं नव्हतं. तीच गाणी पुन्हा लावली आणि काय होतंय ते बघायला खिडकीखाली बसले. आत्याच्या माळेत पानं यायला लागली.

मग माझ्यातली लॅबवाली जागी झाली. रविवारी दुपारी मी स्पीकरची वायरच काढली. खोलीत आवाज शून्य. आत्याला सांगितलं नाही. कानात इअरफोन घालून, पाय वर घेऊन, गादीवर मांडी घालून बसले, म्हणजे पायाने ठेका धरला आणि फरशीतून कळलं असं नको. डब्याला माझा स्पर्श नाही. तिची पाठ माझ्याकडे. फोनवर दादऱ्यातलं गाणं लावलं.

तीन फुलं, एक पान.

केरव्यातलं लावलं. दोन-तीन फुलं ती अडखळली, मग चार फुलं, एक पान. इअरफोन काढून नुसती बसले, तर पानं थांबली. पुन्हा घालून स्वयंपाकघरात गेले, तरी थांबली. येऊन बसले, की सुरू. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नाही, पण आला.

मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि तोंड नीट उघडून विचारलं, "आत्या, आता डबा वाजतोय?"

"तू उठलीस ना. मग कसा वाजंल?"

"म्हणजे?"

तिने सुई टोपलीच्या कडेला टोचून ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पहिलीतली मुलगी आहे. "अण्णा ऐकायचा तवा वाजायचा. तो गेला, बंद पडला. मला वाटलं आता संपलं. मग तू बसाया लागलीस. त्यात काय एवढं?"

आता तुम्ही म्हणाल माझा श्वास, माझी सावली, मानेची हालचाल. मी सगळं तपासलं आहे. मिलिंदला बसवून बघितलं. त्याच्या वेळी पानं येतात, पण मधेच तुटतात. आत्या म्हणते त्याचं लक्ष फोनमध्ये असतं, आणि ते खरंच असतं. सेन्सर पुन्हा पुन्हा लावला, काही येत नाही. कॉलेजात कोणाला सांगायची सोय नाही. ऐकणाऱ्याच्या मनातला ठेका एका लाकडी डब्यातून पलीकडच्या पाठीत कसा जातो, आणि डबा मधे लागतोच कशाला, याचं माझ्याकडे काहीही उत्तर नाही. इथे कोणी फिजिक्सवालं वाचत असेल तर शिव्या घाला, मी ऐकून घेईन, पण आधी एकदा दुपारी आमच्याकडे येऊन बसा.

दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे पिंपळगावहून दादा गाडी घेऊन आला. आत्या डब्याला टेकून बसली होती, मी खिडकीखाली. बॅग दाराजवळच होती, कित्येक आठवड्यांपासून भरलेली. तिला राहा म्हणण्याची ताकद माझ्यात होती, पण हक्क आहे की नाही ते कळत नव्हतं.

"चल आत्या," दादा तिच्यासमोर वाकून म्हणाला, "अंधार पडायच्या आत पोचू."

आत्याने दोऱ्याला गाठ मारली. मग माझ्या दिशेने मान हलवली आणि तिच्या मते हळू आवाजात, म्हणजे खालच्या मजल्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने, दादाला म्हणाली, "मी नाय येत. हिला लय याड हाय गाण्यांचं. कामावरनं आली का बसती ऐकत. मी गेले तर एकटी पडंल ती."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. गाण्यांचं वेड मला कधीच नव्हतं, मी तिच्यासाठी बसत होते.