वर गेलेला हात

चाकणच्या हायवेवर दगडफेक झाली, गाड्या पेटल्या आणि लगेच जमावबंदी लागली. पाच माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही. मोबाईलचं नेट बंद, कंपन्या मात्र चालू! आमच्या गल्लीत एवढी शांतता पसरली की शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायची. चौकात कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं लांब लांब उभी असत, कुणी कुणाशी बोलत नसे.

घरमालकीणकाकू हळूच म्हणाल्या, "पोरी, व्हिडिओ बघून उचलत्यात. नवऱ्याला चार दिस गावाला धाड."

हे हसले. "मी काय केलंय? मी तर बसला थांबलो होतो." असा भाबडा माणूस माझ्याच वाट्याला यावा, याचा मला संतापच आला.

पुढच्याच आठवड्यात शिफ्टवरून येताना यांना पोलिसांनी चौकातूनच नेलं. मी धावत चौकीत गेले. "कशासाठी आणलंय? कागद दाखवा," म्हटलं. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि क्लिप लावली.

क्लिपला आवाज नव्हता. धूर, पळणारी माणसं, आणि कडेला कंपनीच्या निळ्या शर्टात हे. उजवा हात वर.

"साहेब, ते बस थांबवतायत! हात केला नाही तर ड्रायव्हर सरळ पुढे जातो, आणि खाडा पडतो."

"बस कुठाय?"

बस क्लिपमध्ये नव्हतीच. त्यांनी क्लिप परत लावली, मग आणखी सावकाश. हात वर जायचा, थांबायचा, परत वर जायचा. आवाज नसलेलं ते दृश्य बघता बघता मला यांच्या मुठीत काहीतरी काळं दिसलं. मी डोळे चोळले, तरी ते तिथंच होतं.

"बोलावलं की यायचं," असं बजावून यांना संध्याकाळी सोडलं. जेवायला बसल्यावर हे म्हणाले, "कुणी मानो न मानो. तू तर बघितलंस ना, मी बसच थांबवत होतो?"

बारा वर्षांच्या संसारात या माणसानं कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. तरी माझं "हो" यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात यांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं भात कालवायला घेतला.